डॉ. मेबल आरोळे आणि जामखेडचा धडा: आजार अनेक, रुग्ण मात्र एकच

मधुमेह, उच्च रक्तदाब, गुडघेदुखी, जोडीला थायरॉइड किंवा हृदयविकार असे तीन-चार आजार एकाच व्यक्तीला असणे आता शहरापुरते राहिलेले नाही. तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी येणाऱ्या वयस्कर रुग्णांच्या पिशवीत दोन-तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्यांच्या सुट्या पट्ट्या आणि कुणीतरी सुचवलेली एखादी पुडी असे सगळे एकत्र सापडते. प्रत्येक औषध देणाऱ्याने आपल्यापुरता विचार केलेला असतो. हे सगळे एकत्र पोटात गेल्यावर काय होईल, हे पाहणारे बहुतेक वेळा कुणीच नसते.

या प्रश्नाचा विचार अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथे पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी सुरू झाला. तेव्हा समोर होते कुष्ठरोग, क्षयरोग, कुपोषण आणि बाळंतपणातले मृत्यू. तो करणाऱ्या डॉक्टरांपैकी एक होत्या डॉ. मेबल आरोळे. त्यांचे आयुष्य आणि काम समजून घेतले, तर आज आपल्या घरातल्या गोळ्यांच्या डब्याकडे कसे पाहावे हेही समजायला मदत होते.

जबलपूर ते वेल्लोर

मेबल यांचा जन्म १९३५ मध्ये जबलपूरला झाला. माहेरचे आडनाव इमॅन्युएल. वडील तेथील ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात प्राध्यापक होते. वैद्यकीय शिक्षणासाठी त्या तमिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये गेल्या. डॉ. आयडा स्कडर या अमेरिकन डॉक्टरांनी उभी केलेली ही संस्था. तेथे त्यांची भेट नगर जिल्ह्यातील शिक्षक कुटुंबातून आलेल्या रजनीकांत आरोळे यांच्याशी झाली. १९५९ मध्ये दोघेही डॉक्टर झाले. वर्गात मेबल पहिल्या आणि रजनीकांत दुसरे आले होते. १९६० मध्ये त्यांनी लग्न केले आणि खेड्यातल्या सर्वांत वंचित माणसांसाठीच काम करायचे, असा निश्चय त्याच वेळी केला.

त्या काळात पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या डॉक्टरसमोर मोठ्या शहरातली नोकरी, स्वतःचा दवाखाना किंवा परदेश असे सगळे रस्ते मोकळे होते. मेबल सासरच्या जिल्ह्यात आल्या, मराठी शिकल्या आणि पुढे त्याच भाषेत गावातल्या बायकांना शिकवू लागल्या.

वडाळ्याच्या रुग्णालयात काय दिसले?

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दोघांनी नेवासा तालुक्यातील वडाळा येथील मिशनच्या रुग्णालयात काम केले. रुग्णांची गर्दी होती, शस्त्रक्रिया होत होत्या, लोक बरे होऊन घरी जात होते. काही महिन्यांनी तीच माणसे, त्याच घरातली दुसरी मुले, तसल्याच तक्रारी घेऊन परत येत होती. जुलाबाने सुकलेले मूल सलाइन लावून वाचवायचे आणि पुन्हा त्याच दूषित पाण्याकडे पाठवायचे, असे ते चक्र होते. बहुतेक आजार टाळता येण्याजोगे होते. त्यांचे मूळ जिथे होते त्या घरापर्यंत आणि गावापर्यंत रुग्णालयाचा हात पोहोचत नव्हता.

पुढच्या शिक्षणासाठी १९६६ मध्ये दोघे अमेरिकेला गेले. क्लीव्हलँड येथे रुग्णालयातील प्रशिक्षण घेतले. त्यानंतर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तेथे डॉ. कार्ल टेलर हे शिक्षक त्यांना लाभले. टेलर यांचा जन्म भारतातला आणि पंजाबातील खेड्यांमध्ये त्यांनी आरोग्यसेवेवर मोठे काम केलेले. एका रुग्णाऐवजी संपूर्ण गाव डोळ्यांसमोर ठेवून उपचाराची आखणी कशी करायची, याचे शास्त्र दोघांनी तेथे आत्मसात केले. १९७० मध्ये ते भारतात परतले आणि त्यांनी जामखेड निवडले.

जामखेड, १९७०

जामखेड म्हणजे जिल्ह्याचे दक्षिण टोक. पाऊस कमी, शेती कोरडवाहू, रस्ते मोजके. ज्यांच्या नावावरून आता जिल्ह्याला अहिल्यानगर म्हणतात, त्या अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चौंडी याच तालुक्यात आहे. आरोळे दांपत्याने एका जुन्या, वापरात नसलेल्या जनावरांच्या दवाखान्यात काम सुरू केले आणि त्यातून समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा राहिला.

पहिली काही वर्षे दुष्काळाची होती. लोकांना दवाखान्याआधी अन्न आणि पाणी हवे होते. म्हणून लहान मुलांसाठी गावोगावी सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू झाली, कूपनलिका खोदल्या गेल्या. हातपंप शक्यतो दलित वस्तीत किंवा तिच्या जवळ बसवले जात. पाणी हवे असेल तर सगळ्या गावाला तिथे यावे लागे. जातीची शिवाशिव हासुद्धा आरोग्याचाच प्रश्न आहे, हे या दांपत्याने ओळखले होते.

त्या वेळची सरकारी आरोग्यव्यवस्था कशी होती, हे येथे समजून घ्यायला हवे. हिवतापासाठी एक कार्यक्रम, देवीसाठी दुसरा, कुष्ठरोगासाठी तिसरा, क्षयरोगासाठी चौथा, कुटुंबनियोजनासाठी पाचवा. प्रत्येकाचा कर्मचारी वेगळा, नोंदवही वेगळी, उद्दिष्ट वेगळे. एकाच घरात हिवतापवाला येऊन रक्ताचा थेंब घेऊन जाई आणि त्या घरातल्या बाईच्या पाठीवरचा बधिर चट्टा त्याच्या कामात बसत नसे. कुटुंबनियोजनवाल्याला तिची मुले मोजायची असत, तिचा खोकला नाही. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने असे वेगवेगळे कर्मचारी ठेवण्याऐवजी बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी नेमण्याची शिफारस केली. म्हणजे ही अडचण दिल्लीतही दिसू लागली होती.

आज एका रुग्णाच्या हातात शुगरची फाईल, हृदयाची फाईल आणि हाडांची फाईल अशा तीन फायली असतात. तेव्हा गावात तसेच होते, फक्त फायलींच्या जागी खाती होती.

गावातलीच बाई का?

सुरुवातीला आरोळे यांनी शिकलेल्या परिचारिका गावांमध्ये ठेवून पाहिल्या. ते जमले नाही. परक्या गावात एकटे राहणे त्या तरुण मुलींना अवघड होते. गावातल्या बायकांनाही त्या आपल्या वाटत नव्हत्या. मग गावकऱ्यांनीच निवडलेली, त्याच गावात राहणारी बाई आरोग्य कार्यकर्ती म्हणून घ्यायचे ठरले. यातल्या बऱ्याच जणी शाळेची पायरीही न चढलेल्या, अनेक जणी दलित समाजातल्या, काही नवऱ्याने टाकलेल्या किंवा विधवा होत्या.

त्यांना शिकवण्याच्या कामात डॉ. मेबल यांचा वाटा फार मोठा होता. बायका आठवड्यातून एकदा जामखेडला येत, मुक्काम करत, एकत्र जेवत आणि शिकत. धडा नेहमी त्यांच्या गावातल्या खऱ्या रुग्णापासून सुरू होई. कुणाच्या गावात मूल सुकत चालले आहे, कुणाच्या वस्तीत खोकल्याचा रुग्ण गोळ्या सोडून बसला आहे, कोणती गरोदर बाई सुजली आहे, यावर बोलणे होई. वैद्यकीय ज्ञान ही डॉक्टरांची खासगी मालमत्ता नाही, ते सोप्या शब्दांत वाटता येते, या भूमिकेवर सगळे प्रशिक्षण उभे होते. रात्री एकाच गोधडीवर वेगवेगळ्या जातींच्या बायका झोपू लागल्या, हाही त्या शिक्षणाचाच भाग होता.

दीर्घ उपचारांचे रुग्ण कसे सांभाळले गेले?

त्या काळी कुष्ठरोगासाठी डॅप्सोन हे एकच औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागे. जागतिक आरोग्य संघटनेने एकत्रित बहुविध औषधोपचाराची शिफारस केली ती १९८१ मध्ये. क्षयरोगासाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने आणि गोळ्या असा वर्ष-दीड वर्षाचा उपचार असे. दोन्ही आजारांत रुग्णाला थोडे बरे वाटले की औषध सुटते. त्यात या भागातली अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी काही महिने कारखान्यांच्या पट्ट्यात जातात. उपचार मध्येच तुटण्याची ही आणखी एक वाट.

जामखेडच्या प्रकल्पात कुष्ठरुग्णांसाठी वेगळी वसाहत किंवा वेगळा दवाखाना ठेवला नाही. चट्टा दिसला की गावातली कार्यकर्तीच तो ओळखे आणि रुग्णाची तपासणी इतर रुग्णांबरोबरच होई. कार्यकर्तीला तो रुग्ण एका रोगाचा रुग्ण म्हणून माहीत नसे. त्याची बायको गरोदर आहे, घरात ज्वारी संपली आहे, त्याला दारूचे व्यसन आहे, हे सगळे तिला ठाऊक असे.

औषधांच्या दृष्टीने याचे महत्त्व फार आहे. दोन उदाहरणे पाहू. डॅप्सोनमुळे काही रुग्णांमध्ये रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि हिमोग्लोबिन घटते. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला हे औषध देताना तिचा अशक्तपणाही कुणाच्या तरी लक्षात असावा लागतो. दुसरे औषध रिफाम्पिसिन. ते क्षयरोग आणि कुष्ठरोग या दोन्हींत वापरले जाते. यकृतात इतर औषधांचा निचरा करणारी यंत्रणा ते वेगवान करते. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्या यांचा परिणाम कमी होऊ शकतो. क्षयरोगाची नोंद एका वहीत आणि कुटुंबनियोजनाची दुसऱ्या वहीत असेल, तर हा धोका दोन्ही वह्यांच्या मधल्या फटीतून निसटतो.

कुणाचे काम काय?

जामखेडच्या पद्धतीत तीन पायऱ्या होत्या.

• गावातील आरोग्य कार्यकर्ती: घरोघरी जाणे, लक्षणे ओळखणे, ठरवून दिलेली मोजकी औषधे देणे, सुरू असलेला उपचार चालू आहे ना हे पाहणे.

• फिरते पथक: परिचारिका, समाजकार्यकर्ता आणि गरजेप्रमाणे डॉक्टर ठराविक काळाने गावात येत. कार्यकर्तीने निवडून ठेवलेले रुग्ण तपासत आणि तिच्या शंका सोडवत.

• जामखेडचे रुग्णालय: अवघड बाळंतपण, शस्त्रक्रिया, निदान न झालेले आजार यांसाठी.

रुग्ण वरच्या पायरीवर गेला तरी बरे झाल्यावर तो पुन्हा गावातल्या त्याच कार्यकर्तीकडे येई. कोणते औषध सुरू झाले आणि किती दिवस द्यायचे, हे तिला कळवले जाई. म्हणजे निर्णय डॉक्टरांचा, पण रुग्णाचा धागा एका ओळखीच्या माणसाच्या हातात. कार्यकर्तीला डॉक्टर बनवण्याचा हा प्रयत्न नव्हता. कोणत्या रुग्णाला आपण हात लावायचा नाही आणि लगेच वर पाठवायचे, हे शिकणे तिच्या प्रशिक्षणात तितकेच महत्त्वाचे होते.

काय साध्य झाले?

काम सुरू झाले तेव्हा या भागात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे १७६ बालके पहिल्या वाढदिवसाआधी दगावत. १९९० च्या दशकापर्यंत हे प्रमाण विसाच्या आसपास आले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकसहभागातून उभ्या राहिलेल्या आरोग्यसेवांवर पुस्तक काढले, त्यात जामखेडवरचे प्रकरण आरोळे दांपत्याने लिहिले. सप्टेंबर १९७८ मध्ये आल्मा-आटा येथील जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचे धोरण स्वीकारले, तेव्हा ज्या थोड्या प्रयोगांचा अनुभव जगासमोर होता त्यांत जामखेड होते. १९७९ मध्ये दोघांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९४ मध्ये त्यांनी या कामाचा इतिहास पुस्तकरूपाने मांडला. देशोदेशीचे डॉक्टर जामखेडला येऊ लागले आणि त्यांच्या वर्गात शिकवायला गावातल्या त्याच कार्यकर्त्या उभ्या राहत.

१९९९ मध्ये डॉ. मेबल यांचे निधन झाले. डॉ. रजनीकांत २०११ पर्यंत हयात होते. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि देशभर आशा कार्यकर्ती आल्या. गावातलीच बाई निवडून तिला आरोग्याचे काम सोपवण्याची कल्पना देशात रुजवण्यात जामखेडसारख्या प्रयोगांचा वाटा आहे.

आजचा रुग्ण: जुना प्रश्न, नवी औषधे

आता जुलाबाने बालके जाण्याचे प्रमाण घटले आहे. लोक जास्त जगतात आणि वयाबरोबर आजारांची संख्या वाढते. रोज पाच किंवा अधिक औषधे सुरू असण्याला बहुऔषधोपचार म्हणतात. प्रत्येक वेळी तो चुकीचा नसतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या मधुमेही रुग्णाला पाच-सहा औषधे खरोखर लागतात. धोका असतो तो ही औषधे कुणी एकत्र न पाहण्यात. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधांमुळे होणारी हानी कमी करण्याची मोहीम हाती घेतली, तेव्हा बहुऔषधोपचार आणि रुग्ण एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जातानाचा काळ या दोन गोष्टी तिने खास लक्ष देण्याच्या म्हणून ठरवल्या.

नेहमी दिसणारे काही प्रकार असे:

• रक्तदाबाची गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि वेदनाशामक. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल, सूज उतरवण्यासाठी लघवीची गोळी आणि गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक. तिन्ही एकत्र आल्यास मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. उन्हाळ्यात पाणी कमी पडले किंवा जुलाब झाले, तर हा धोका आणखी वाढतो.

• एकच औषध दोन नावांनी. दोन डॉक्टरांनी दोन कंपन्यांची तीच गोळी लिहिलेली असते. नावे वेगळी, आतले औषध एकच. मात्रा दुप्पट होते.

• दुष्परिणामावर नवे औषध. अॅम्लोडिपिनमुळे पायावर सूज येऊ शकते. ती नवा आजार समजून लघवीची गोळी सुरू होते. त्या गोळीने युरिक अॅसिड वाढते, अंगठा सुजतो आणि त्यासाठी तिसरी गोळी येते. मूळ गोळी बदलली असती तर पुढच्या दोन लागल्या नसत्या.

• रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि वेदनाशामक. अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल सुरू असताना वरून वेदनाशामक घेतल्यास जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. काळी, डांबरासारखी शौच झाल्यास लगेच रुग्णालय गाठावे.

• वाताच्या पुड्या. सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. दोन दिवसांत गुडघे मोकळे होतात आणि शुगर का वाढली ते कुणाला कळत नाही.

• उपवास. एकादशीला किंवा नवरात्रात जेवण बंद आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी मात्र चालू. साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. उपवासाचा बेत डॉक्टरांना आधीच सांगायला हवा.

जामखेडची पद्धत जशीच्या तशी येथे पुरणार नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. दोन औषधांचा आपसातला परिणाम ओळखणे हे डॉक्टरांचे काम आहे. त्यासाठी क्रिएटिनिनसारख्या तपासण्या लागतात. मूत्रपिंडाची क्षमता घटल्यावर मेटफॉर्मिनची मात्रा कमी करावी लागते आणि ती फारच घटली तर औषध बंद करावे लागते. हे गावात बसून ठरवता येत नाही. पण रुग्ण खरोखर कोणत्या गोळ्या गिळतो, कोणत्या उशाखाली ठेवतो आणि कोणत्या शेजारणीकडून मागून घेतो, हे डॉक्टरांनाही दवाखान्यात बसून दिसत नाही. म्हणून दोघांचीही गरज आहे.

तुम्ही काय करू शकता?

१. एक डॉक्टर मुख्य ठरवा. फॅमिली डॉक्टर, फिजिशियन किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी, कुणीही चालेल. हृदय, हाडे, मूत्रपिंड यांच्या तज्ज्ञांकडे जरूर जा. परतल्यावर नवी चिठ्ठी मुख्य डॉक्टरांना दाखवा.

२. एका वहीत सगळी औषधे लिहा. औषधाचे मूळ नाव, मात्रा, वेळ, कशासाठी आणि कुणी सुरू केले. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक औषधे, काढे, पुड्या, डोळ्यांचे थेंब हेही लिहा. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाकडून लिहून घ्या.

३. सहा महिन्यांतून एकदा सगळी पिशवी डॉक्टरांसमोर रिकामी करा. प्रत्येक औषधाबद्दल एकच प्रश्न विचारा: हे अजून लागते का?

४. नवे लक्षण आले तर आधी औषधाचा संशय घ्या. चक्कर, पायावर सूज, कोरडा खोकला, पडणे, विसरभोळेपणा ही लक्षणे नव्या गोळीनंतर सुरू झाली असतील तर तसे डॉक्टरांना सांगा.

५. स्वतःहून काही बंद करू नका. काही औषधे अचानक थांबवणे धोक्याचे असते. कमी करायचे असेल तर ते डॉक्टर टप्प्याटप्प्याने करतील.

६. रुग्णालयातून घरी सोडताना विचारून घ्या: जुन्यांपैकी काय बंद, काय चालू, नवे काय आणि किती दिवस.

७. ऊसतोडीला, वारीला किंवा मुलांकडे शहरात जाताना वही आणि पुरेशी औषधे सोबत ठेवा.

८. आशाताईंना आणि उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना वही दाखवा. तिशीपुढील लोकांची रक्तदाब आणि मधुमेहासाठी तपासणी करणे आणि पुढचा पाठपुरावा ठेवणे आता त्यांच्या कामाचा भाग आहे. ई-संजीवनीवरून डॉक्टरांचा सल्लाही तेथून मिळू शकतो.

घरात वयस्कर माणूस असेल तर ही वही ठेवण्याचे काम घरातल्या एका ठराविक व्यक्तीकडे द्या. सून असो, मुलगा असो की नातू, पण तीच व्यक्ती प्रत्येक डॉक्टरकडे सोबत गेली तर उत्तम. पुढच्या भेटीला जाण्याआधी आज रात्रीच डबा, कपाट आणि उशाखालची जागा तपासून घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा. ती पिशवी पाहिल्यावर डॉक्टरांना जे कळेल, ते केवळ रिपोर्ट पाहून कळत नाही.